नाव काय घालू?

लग्नघरातली सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती, असे कोणी मला विचारले, तर मी मंगळसूत्राचे नाव घेणार नाही. मी म्हणेन, आहेराची वही. लाल पुठ्ठ्याची, लांबट, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढलेली ती वही, आणि ती मांडीवर घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात बसलेला, ज्याचे अक्षर बरे आहे असा एखादा बापडा नातेवाईक! आमच्या घराण्यात गेली कित्येक वर्षे हा बापडा मीच आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो, चार कादंबऱ्याही माझ्या नावावर आहेत. पण नातेवाइकांच्या लेखी माझ्या लेखणीचा खरा उपयोग ‘रुपये एकशे एक व टॉवेल-टोपी’ एवढे लिहिण्यापुरताच आहे. मंगलाष्टका चालू असताना माझे लक्ष बेरजेत असते, आणि पंगतीला मी पोचतो तेव्हा जिलबी गार झालेली असते.

पण या वहीने मला पुष्कळ शहाणपण शिकवले. कोणी काय दिले एवढेच तीत लिहिलेले नसते. कोणाला काय परत करायचे आहे, तेही तीतच असते. ‘त्यांचा आहेर अजून फिटला नाही’ असे आमच्या बायका म्हणतात, तेव्हा त्या सोसायटीच्या कर्जाबद्दल बोलत आहेत की प्रेमाबद्दल, हे परक्या माणसाला कळणार नाही. मामांचा आहेर मामांच्या मुलीच्या लग्नात फिटतो, शेजाऱ्यांचा त्यांच्या मुंजीत फिटतो. चारच माणसे अशी असतात, की ज्यांची नावे या वहीत कोठेच येत नाहीत: मुलाचे आईबाप आणि मुलीचे आईबाप. वहीच त्यांची! मालकाचे नाव देणेकऱ्यांच्या यादीत कसे यावे?

म्हणून २०२४ च्या जानेवारीत माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मी जरा गोंधळलोच.

“मामा, रविवारी मोकळा आहेस का? आम्ही दोघं साताऱ्याला येतोय. आईबाबांना काहीतरी द्यायचंय.”

“कशाबद्दल?” मी विचारले.

“कशाबद्दल म्हणजे?” ती म्हणाली, “लग्न नाही का माझं?”

अलीकडे ही नवी चाल पडली आहे, हे मी वही लिहिता लिहिता पाहिले होते. मंगलाष्टका झाल्या, हार पडले, की नवरा-नवरी दोन्हीकडच्या आईबापांना व्यासपीठावर बोलावतात, चकचकीत कागदात गुंडाळलेले काहीतरी त्यांच्या हातात देतात, आणि फोटोवाला सांगेल त्या क्षणी सगळे डोळे पुसतात. मला ही चाल फारशी आवडत नव्हती. आईने भाकरी वाढली म्हणून तिचे आभार मानणारा मुलगा आमच्या गावात मी पाहिला नाही. कोणी मानले असते, तर आईने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले असते. आपल्याकडे आभार हे परक्यांचे मानायचे. घरच्यांचे मानले, की ते परके झाले! हे सगळे मी भाचीला ऐकवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरं. दहाच्या सुमाराला येतो.”

रविवारी ती दोघे आली. जावईबापू होऊ घातलेले गृहस्थ अत्यंत सज्जन आणि हिशेबी. त्यांनी आधीच सर्व ठरवून आणले होते. दोन्ही घरी चांदीच्या निरांजनांची एकेक जोडी द्यायची. वजन सारखे, नक्षी सारखी, डबीसुद्धा सारखी. “म्हणजे कुणाला कमीजास्त वाटायला नको,” ते म्हणाले.

सराफाच्या पेढीवर बसून आम्ही निरांजने पाहिली. निरांजने सुरेख होती. पण ती हातात घेतल्याबरोबर मला माझ्या बहिणीचे लोखंडी कपाट दिसू लागले. त्या कपाटाच्या आतल्या कप्प्यात चांदीचा एक गणपती, दोन करंडे आणि एक अत्तरदाणी गेली पंचवीस वर्षे मलमलीच्या फडक्यात झोपली आहेत. मी हळूच विचारले, “तुमच्या मातोश्रींना विचारलंत का, त्यांना काय हवंय?”

“विचारून दिलं तर त्यात मजा काय?” भाची म्हणाली.

पण जावईबापूंनी तेथेच, सराफाच्या गादीवरून, आईला फोन लावला. त्या माउलीला मी तोवर एकदाच, साखरपुड्यात, भेटलो होतो. या फोननंतर मात्र ती मला फारच आवडली. ती म्हणाली, “चांदी देऊन मला राखणीला बसवता का रे? काही द्यायचंच असेल तर घरघंटी द्या. गिरणीत रांगेत उभं राहून माझे गुडघे गेले.” वडिलांचे काय, असे विचारल्यावर पलीकडून कुजबूज ऐकू आली, आणि मग उत्तर आले, की त्यांना वाचायचा नवा चष्मा हवा आहे, जुन्याची काडी दोऱ्याने बांधली आहे, पण ते स्वतः हे सांगणार नाहीत. एवढे बोलून झाल्यावर त्या बाईंनी सुनेला फोन द्यायला सांगितले आणि तिचे दळण बारीक की जाड, याची चौकशी केली!

जावईबापूंचा समान वजनाचा हिशेब येथेच कोसळला. एका बाजूला घरघंटी आणि चष्मा. आता दुसऱ्या बाजूला तेवढ्याच किमतीचे काय ठेवणार? आम्ही सराफाची क्षमा मागून बाहेर पडलो आणि एका हॉटेलात चहा घेत बसलो.

खरी अडचण पुढेच होती. भाचीचे वडील, म्हणजे आमचे दाजी, काही घेतील की नाही हाच प्रश्न होता.

दाजी एस. टी. त कंडक्टर होते. तीस वर्षे त्यांनी कऱ्हाड आगारातून नोकरी केली. मनुष्य अतिशय सरळ. सुट्ट्या पैशांच्या बाबतीत त्यांनी कधी कोणाचे चार आणे बुडवले नाहीत आणि कोणाला सोडलेही नाहीत. पण काही बाबतीत ते फार जुने. त्यांनी लेकीला आधीच बजावून ठेवले होते, “बाकी काय करायचं ते करा. मला काही देऊ नका. मुलीचं घेत नसतात.”

जावईबापूंना हे कोडे उलगडेना. तेव्हा मी त्यांना समजावून सांगितले. मुलीचे कन्यादान होते. दान दिल्यावर त्यातले काही परत घेणे म्हणजे दिलेले दान मोडणे. म्हणून जुनी माणसे मुलीच्या घरी अन्न घेत नसत, पाणीसुद्धा पीत नसत. तिला मूल झाले, नातवंडाचे तोंड पाहिले, की मग हा निर्बंध सुटे. ही काही पोथीतली गोष्ट मी सांगत नव्हतो. १९९५ साली ताईचे लग्न झाले. त्यानंतर आमचे वडील महिना दोन महिन्यांनी तिला भेटायला कऱ्हाडला जात. जाताना ते आईकडून भाकरी बांधून घेत. कऱ्हाडच्या स्टँडवर उतरले, की नळावर हातपाय धूत, बाकावर बसून भाकरी खात, वर तांब्याभर पाणी पीत, आणि मग मुलीच्या घरी जात. ताई चहा टाकू का म्हणून विचारी. ते म्हणत, “आत्ताच घेतला.” दोन वर्षे त्यांनी असेच केले.

“मग?” भाचीने विचारले. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते.

“मग १९९७ साली तू झालीस,” मी म्हणालो. “बारशाला आबा आले ते स्टँडवरून थेट घरी. तुझ्या आईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते म्हणाले, ‘वाढ आता.’ त्या दिवशी ते सहा पुरणपोळ्या जेवले.”

भाची बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, “मामा, कन्यादान कधी होतं?”

“लग्नाच्या दिवशी.”

“म्हणजे हळदीच्या दिवशी मी अजून बाबांचीच असते?”

“असतेस.”

“आणि माझा पगारही?”

मी कपाळाला हात लावला. ही पोरगी वकील व्हायची चुकून बँकेत गेली! हळदीच्या आदल्या दिवशी, आपल्याच घरात, आपल्या कमाईतून मुलीने बापाला काही दिले, तर ते मुलीच्या घरचे कसे होणार? शास्त्राने बोट ठेवायला जागाच उरली नाही. व्यासपीठ नको, फोटोवाला नको, हेही त्यातूनच आपोआप ठरले, आणि मला मनातून फार बरे वाटले.

काय द्यायचे, ते मात्र तिला आधीच सुचले होते. “आरामखुर्ची,” ती म्हणाली. “बाबांनी तीस वर्षं गाडीत उभ्यानं काढली. लोकांना सरका, बसा, पुढे व्हा म्हणत. घरी आले तरी उंबऱ्यावर टेकतात, नाहीतर कॉटच्या कडेला. टेकून बसलेले मी त्यांना कधी बघितलंच नाही.” त्या दुपारी आम्ही सागवानी, कापडी बैठकीची, मागे तीन खाचा असलेली आरामखुर्ची ठरवली. जावईबापूंनी स्वतः तीत बसून तिन्ही खाचा तपासल्या.

राहिली माझी ताई.

मुलीच्या आईच्या बाबतीत आपल्या रूढीला एकदाच दया आली आहे असे मला नेहमी वाटते. लग्नात वराकडून मुलीच्या आईला एक लुगडे येते. आजीला येते ते आजेचीर. आणि आईला येते ती पोटझाकणी. ज्या पोटाने ही मुलगी वागवली, ते झाकायला हे वस्त्र! सगळ्या मानपानात, रुसव्याफुगव्यात, विहिणींच्या पंक्तीत हा एकच शब्द मला असा आढळला, की जो कोणी बोलताना जरा आवाज खाली आणतो. तेव्हा साडीचा प्रश्न नव्हता. पोटझाकणी रीतीने येणारच होती. भाचीला स्वतःचे असे काही द्यायचे होते, आणि ते रोज हाताळले जाईल असे हवे होते. कपाटात झोपायला जाणारे नको.

“तांब्याची कळशी घेऊ या,” मी म्हणालो. ताईच्या घरी पिण्याच्या पाण्याला एक प्लॅस्टिकचे पिंप होते आणि त्याच्यावर तिचा राग होता, हे मला माहीत होते.

भांड्यांच्या दुकानात तांबे-पितळ अजून वजनावरच मिळते. दुकानदाराने पाचसहा कळशा काढून दाखवल्या. मी बोटाच्या पेराने एकेक वाजवून पाहिली. त्यांतली एक, हातोडीच्या ठोक्यांनी मठारलेली, अंगावर खवल्यांसारखे ठसे असलेली, भाचीला आवडली. तिने पैसे दिले. दुकानदाराने कळशी पुसली, खाली कागद घातला, कोरायचे विजेचे पेन हातात घेतले आणि विचारले,

“नाव काय घालू?”

भाची सहज म्हणाली, “सौ.” आणि पुढे आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, असे सगळे सांगितले.

“थांबा,” मी म्हणालो.

आता येथे मला थोडे मागे जायला हवे. आणि वाचकांची क्षमाही मागायला हवी. कारण ज्या नावांची ही सगळी गोष्ट, ती नावे मी येथे लिहिणार नाही. ताईची मला सक्त ताकीद आहे. “मासिकात माझं नाव घालशील तर याद राख. बायका नावं ठेवतील.” तेव्हा एवढेच सांगतो, की तिचे माहेरचे नाव दोन अक्षरी आणि सासरचे चार अक्षरी.

१९९५ साली वैशाखात तिचे लग्न ठरले, त्याच वर्षी मी दहावीला बसलो होतो. आमच्या गावची जुनी माणसे दहावीला मॅट्रिकच म्हणत, त्या हिशेबाने मी मॅट्रिक झालो, आणि तेथेच थांबलो. लग्नाचे कर्ज फिटेपर्यंत माझ्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला नाही, आणि ते फिटल्यावर विषय काढायचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. पुढे चित्रकलेच्या परीक्षा देऊन मी मास्तर झालो. पण ती निराळी हकिकत.

तर त्या वैशाखात वडील आणि मी आजीची पितळी भांडी पोत्यात भरून साताऱ्याला आलो. ती मोडीत घालायची आणि त्या बदल्यात स्टीलची नवी भांडी ताईसाठी घ्यायची, असा बेत होता. दुकानदार तराजूत घागरी टाकत होता. आजीच्या घागरीच्या गळ्याशी छिन्नीने ठोकलेली ठिपक्याठिपक्यांची अक्षरे होती. ते नाव आजोबांचे होते. आजीचे नाव एकाही भांड्यावर नव्हते. त्या मानाने आमचा काळ पुष्कळ सुधारलेला, नाही का? आमच्या भांड्यांवर मुलीचे नाव पडणार होते.

पण कोणते? वडिलांनी खिशातून एक कार्ड काढले. मुलाकडच्यांचे पत्र होते. मुलीचे नाव अमुक ठेवण्याचे योजले आहे, तरी भांड्यांवर तेच घालावे, म्हणजे पुढे घोटाळा व्हायला नको, अशा अर्थाचा मजकूर होता. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते तांदळातले नाव दुसऱ्या दिवशी भातात शिजून जाते. स्टीलवरचे नाव जात नाही.

“तुझं अक्षर चांगलं आहे,” वडील मला म्हणाले. “कागदावर नीट काढून दे त्याला. चूक झाली तर भांडं फुकट जाईल.” मी दुकानाच्या पायरीवर बसून वळणदार अक्षरात ते चार अक्षरी नाव काढले. माझ्या अक्षराचे दुकानदाराने कौतुक केले, आणि मी फुशारलो. नाव घालायचा दर अक्षराला चार आणे होता. वडिलांनी हिशेब केला आणि ‘चि. सौ. कां.’ मधला ‘कां.’ काढून टाकला. ताट, वाट्या, तांब्या, डबे मिळून अकरा वस्तूंवर ते नाव पडले.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ताई सोप्यात गहू निवडत बसली होती. मी पोत्यातून ताट काढून तिच्यासमोर धरले. तिने ते उजेडाकडे वळवून वाचले आणि विचारले,

“ही कोण?”

आम्ही सगळे हसलो. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

हे सगळे मी त्या दुकानात, पेन हातात धरून थांबलेल्या माणसासमोर, भाचीला सांगितले. आपल्या आईला दुसरे नाव होते हे तिला ऐकून माहीत होते, पण ते काय होते हे माहीत नव्हते. आमचे आईवडील गेले. मी तिला ताई म्हणतो. दाजी ‘अगं ए’ म्हणतात. ते दोन अक्षरी नाव मोठ्याने उच्चारणारे माणूसच राहिले नव्हते. मी ते उच्चारले. भाचीने ते हळूच म्हणून पाहिले.

जावईबापू म्हणाले, “पण बदलतात कशाला?”

मी मास्तर, मला एवढे निमित्त पुरे झाले. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना रानड्यांच्या घरी जाऊन रमाबाई झाली. कल्याणची दुसरी एक यमुना लग्नात आनंदी झाली आणि १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन आली. दोन यमुना वाहत आल्या आणि दोन्ही नावे लग्नाच्या मांडवात पुसली गेली. आज त्यांची चरित्रे वाचणाऱ्यालाच काय ती ठाऊक. मी आणखीही बोललो असतो, पण भाचीचे माझ्याकडे लक्ष नव्हते. ती त्यांच्याकडे पाहत होती.

“तुमच्याकडे माझं काय घालायचं ठरलंय?” तिने विचारले.

जावईबापू कमालीचे अस्वस्थ झाले. “तसं काही नाही. म्हणजे आजी एक नाव म्हणत होती. सहज. तांदळात लिहायला.”

“काय?”

त्यांनी सांगितले. नाव खरोखरच गोड होते. दुकानदारानेही मान हलवली.

“छान आहे,” भाची म्हणाली. “आजींना सांग, मला आवडलं. मुलगी झाली तर तेच ठेवू.”

जावईबापू प्रथम लाजले, मग त्यांना त्यातला अर्थ कळला, आणि मग ते मनापासून हसले. आजीशी त्यांचे नंतर काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. लग्नात तांदळाचे ताट आले तेव्हा मी आहेराच्या वहीत तोंड घालून बसलो होतो. पण आज भाचीला सासरी सगळे तिच्या बारशाच्याच नावाने हाक मारतात.

दुकानदाराने पुन्हा विचारले, “मग काय घालू?”

“दोनच अक्षरं,” भाची म्हणाली. “सौ. नको, आडनाव नको. मामा, तूच काढून दे.”

मी दुकानदाराकडून पेन्सिल घेतली आणि कळशीच्या गळ्याखाली ती दोन अक्षरे काढली. एरवी फळ्यावर अक्षरे काढताना माझा हात थरथरत नाही. विजेच्या पेनाने रेघ नागमोडी येते, म्हणून मी त्याला छिन्नी आहे का विचारले. त्याने आतून वडिलांना हाक मारली. एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले, त्यांनी चष्मा लावला आणि बारीक छिन्नीने टक् टक् करीत ठिपक्यांची अक्षरे ठोकली. पैसे किती म्हणून विचारले, तर म्हणाले, “दोन अक्षरांचे काय घ्यायचे?”

हळदीच्या आदल्या दिवशी, रात्रीची जेवणे झाल्यावर, भाचीने आरामखुर्ची माजघरात आणून मांडली. दाजी म्हणाले, “मी सांगितलं होतं ना, मुलीचं—” भाची म्हणाली, “परवापर्यंत तुमचीच आहे. हवं तर पंचांग बघा.” दाजींनी प्रथम खुर्चीचे चारही पाय हलवून पाहिले, कापड ओढून पाहिले, किंमत विचारली, आणि महाग पडली असे सांगितले. मग ते पुढच्या काठावर टेकले, जसे उंबऱ्यावर टेकतात तसे. भाचीने त्यांच्या खांद्याला धरून त्यांना मागे रेलवले. ते तसेच राहिले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले आणि गळ्याशी हात नेऊन काहीतरी चाचपले. कंडक्टरच्या कातडी पिशवीचा पट्टा तेथे असायचा.

कळशी ताईच्या हातात दिली तेव्हा तिने प्रथम वजनाचा अंदाज घेतला. मग ती दिव्याकडे वळवली. त्या अक्षरांवरून तिने अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मी तीस वर्षांपूर्वीचा प्रश्न ऐकायच्या तयारीने उभा होतो. पण तिने माझ्याकडे पाहून वेगळेच विचारले.

“अक्षर तुझं ना?”

“हो.”

“त्या वेळचंही तुझंच होतं,” ती म्हणाली. “मी ताटावरच ओळखलं होतं.” आणि ती कळशी घेऊन स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ भाची गेली. दार काही त्यांनी लावले नाही, पण मी गेलो नाही.

लग्न रीतसर पार पडले. वहीत दोनशे सोळा नोंदी झाल्या, जिलबी गार झाली. पुढच्याच महिन्यात, २०२४ च्या मार्चमध्ये, सरकारने ठरवले की १ मे नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव घालायचे. शिक्षकांच्या खोलीत त्यावर बरीच चर्चा झाली. मी हजेरीपटावर त्या मुलांची नावे लिहायला बसेन तेव्हा कोणी एखादी आजी मला विचारील, ‘आईचं कुठलं नाव घालू?’ अशी कल्पना माझ्या मनात आली. पण मी ती कोणाला बोलून दाखवली नाही. मला कादंबरीवाला म्हणून चिडवतात.

मे महिन्याच्या सुटीत मी कऱ्हाडला ताईकडे गेलो. ऊन रणरणत होते. दाजी आरामखुर्चीत, दुसऱ्या खाचेवर, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. मी स्वयंपाकघरात गेलो. प्लॅस्टिकचे पिंप गेले होते. ओट्याच्या कडेला तिवईवर कळशी होती, चिंचेने घासून लख्ख केलेली. पण तिच्यावर मला अक्षरे दिसेनात. वाकून पाहिले, तेव्हा लक्षात आले की कळशी फिरवून ठेवली आहे, नाव भिंतीकडे.

ताईने माझे वाकणे पाहिले. तिने कळशीत फुलपात्र बुडवले.

“येणारीजाणारी माणसं विचारतात, हे कुणाचं नाव म्हणून,” ती म्हणाली. “किती जणांना सांगत बसू? आणि मला दिसतं की. रोज सकाळी भरताना.”

तिने फुलपात्र माझ्या हातात दिले आणि शाळा कधी उघडणार म्हणून विचारले.